घोड्याच्या घरातलं प्यादं

साखरखेर्डा
९ मार्च २०२५

प्रिय कचरू,

सप्रेम जयभीम.

माझा फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतं. रोज लावतो, घंटी पूर्ण वाजते आणि बंद पडते. काल सरस्वती म्हणाली, "काऊन त्या बिचाऱ्याले तरास देता? पत्र टाका. वाचायचं असलं तं वाचतीन, नाही तं उशीखाली ठेवतीन." म्हणून हे पत्र.

तुझं घर दीड महिन्यापासून बंद आहे. संध्याकाळी विहाराकडून फिरून येताना मी तुझ्या फाटकाशी थांबतो. शेवगा शेंगांनी वाकला आहे, शेजारची पोरं काठीने पाडून नेतात. न्यावीत. त्यांना ओरडणारा तू पुण्यात, आणि मला ओरडता कधी आलं? चौतीस वर्षं मराठी शिकवलं, पण वर्गात कविता चालू असली तरच पोरं गप्प बसायची.

उकंडरावांचा फोन मात्र तू उचलतोस. खताच्या दुकानामागची आपल्या बुद्धिबळ मंडळाची खोली त्यांची, अध्यक्ष ते, त्यांचा मान मोठा, हे मान्य. त्यांना म्हणालास म्हणे, "मले घरी यायचं आहे, पोरगा येऊ देत नाही." ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. अश्वजितचं म्हणणं, बाबांना आता एकटं ठेवणं बरं नाही. त्याचा मलाही फोन आला होता, तुला न्यायच्या आदल्या दिवशी. इकडचं तिकडचं बोललो. मुलगा काळजी करणारा आहे.

पण तू माझ्यावर का रागावलास? हरलास म्हणून रागावणारा तू नव्हेस. दुसरबीडच्या त्या सव्वीस जानेवारीच्या स्पर्धेत, अंतिम डावात तू जिंकत होतास, हे मी सगळ्यांना सांगतो. तुझं प्यादं शेवटच्या ओळीत शिरत होतं. त्या घरात वजीर ठेवलास की माझा खेळ संपला. मी मनात बक्षिसाची ढाल तुझ्या हातात देऊनही टाकली होती. आणि तू घोडा ठेवलास.

तिथल्या शाळेच्या हॉलभर कुजबुज झाली. मला मात्र भरून आलं. कारण ते घर घोड्याचं होतं. आठवतं ना, तुझ्या आबांनी आपल्याला शाळेच्या ओट्यावर शिकवलेला तो देशी खेळ? त्यात प्यादं ज्याच्या घरात पोचेल, त्याचंच रूप घेई. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. नवे नियम आले, घड्याळं आली, आता कुठल्याही घरात काहीही मागता येतं आणि सगळे वजीरच मागतात. पण तुझा हात एकाहत्तराव्या वर्षी ओट्यावर परत गेला. किती वेळ प्यादं धरून बसला होतास. मी पाहत होतो. तू त्या हॉलमध्ये नव्हतासच.

पुढे तुझा वेळ संपला, घड्याळ पडलं, मी जिंकलो. बक्षीस घेताना माइकवर हेच बोललो. त्या दोन ओळी तिथल्या तिथे सुचल्या:

डोळे विसरती, डोके विसरते,
हात न विसरे जुने अंगण.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत होत्या. तुझाच गौरव केला ना मी? मग काय झालं?

तुझा,
उत्तम


साखरखेर्डा
१६ एप्रिल २०२५

प्रिय कचरू,

जयंतीच्या मिरवणुकीत तू नव्हतास असं हे पहिलंच वर्ष. लायटिंगच्या माळा दोनदा बंद पडल्या. नवा पोरगा टेस्टर घेऊन नुसता फिरत होता. म्हातारे म्हणाले, कचरू लाइनमन असता तर खाली उभं राहून सांगितलं असतं, कुठला जोड सुटलाय. विहारासमोर खीर वाटायला मी उभा राहिलो. तुझी जागा घेतली असं नको समजू. नुसता वाढायचा डाव धरून उभा होतो, तेही मला जमलं नाही, निम्मी खीर सदऱ्यावर.

पत्राचं उत्तर नाही. तेव्हा आता खरं सांगतो. मला वाटतं तुला ते कळलंय आणि म्हणूनच तू बोलत नाहीस.

स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस मी तुला देशी डाव खेळायचा हट्ट धरला. तू म्हणालास, "मास्तर, दोन खेळ एका जागी नको, हाताची गडबड होते." मी ऐकलं नाही. माझ्या ओसरीवर रोज चार वाजता पट मांडला. जुने दिवस, जुना खेळ, सरस्वतीच्या हातचा चहा. पहिले चार दिवस माझ्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं.

पाचव्या दिवशी आपण मंडळाच्या खोलीत नव्या नियमांचा सराव केला. तिथे सुरुवातीला प्यादं दोन घरं न्यायचं सोडून तू एकच घर सरकवलंस, देशी खेळातल्यासारखं. लगेच हसलास आणि म्हणालास, "घे, लागली सवय." त्या क्षणी मला दिसलं की तुझ्या हाताची गडबड होतेय. मी थांबायला हवं होतं. तरी दुसऱ्या दिवशी चार वाजता पट मांडला. उरलेले दहाही दिवस मांडला.

मी मुद्दाम केलं का? मला ठरवता येत नाही. हे एकदा सरस्वतीला सांगून पाहिलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ठरवता येत नाही म्हंजे केलं."

कचरू, तुझा हात मी बिघडवला. ढाल मी मंडळाला परत देतो, तुझ्या नावाने लावू दे. तू फक्त एक ओळ लिही.

उत्तम


पुणे
२५ एप्रिल २०२५

उत्तम मास्तर,

जयभीम.

तुही दोन्ही पत्रं भेटली. नात समता म्हणे, आबा, मी वाचून दाखवते. म्हटलं, बाई, मले वाचता येते अजून.

तू लिहतं का माहा हात तू बिघडवला. तुह्यात एवढा दम नाही. त्या पंधरा दिवसांत मी तुह्याकडं चहासाठी येत होतो, वहिनी अद्रक बरोबर टाकते. प्यादं एक घर सरकवलं ते तुले हसवाले. तुले हसू आलं नाही, तू त्याच्यात कविता पाह्यली.

आता नीट वाच. घोडा मी जाणून ठेवला.

वजीर ठेवला असता तं तुहा हत्ती सरळ खाली उतरून माह्या राजाले मात होती. माहा राजा कोपऱ्यात, पुढं त्याचेच दोन प्यादे, पळाले जागा नाही. एका चालीत खेळ खलास. तुले दिसली नाही तुहीच मात? घोडा ठेवला म्हून तुह्या राजाले शह बसला. शह बसला म्हून तुले राजा हलवा लागला. तेवढ्यात मी माह्या राजापुढचं प्यादं सरकवून त्याले खिडकी केली. प्यादं धरून चार मिनिटं बसलो ते हेच मोजत होतो. ओट्यावर नव्हतो गेलो बे. मोजत होतो. त्या चार मिनिटांनी घड्याळ पडलं, ते मान्य. हरलो ते हरलो, त्याचा राग नाही.

राग कशाचा ते सांगतो. माहा पोरगा पहिल्या लाइनीत बसला होता. तू माइकवर म्हणला, डोके विसरते. लोकाइनं टाळ्या वाजवल्या, त्यानं नाही वाजवल्या. तो माह्याकडं पाहून राह्यला होता. गाडीत मी त्याले सांगतलं, बापू, घोडा जाणून ठेवला. तं म्हणे, "हो बाबा." पुन्हा सांगतलं. "हो बाबा, हो बाबा." तुले माहीत आहे का मास्तर, आपलं पोरगं हो बाबा म्हणते तवा कसं वाटते?

इथं डाक्टरनं मले घड्याळाचं चित्र काढाले लावलं. शंभरातून सात, सात वजा कराले लावले. काढलं, केले. तो म्हणे, ठीक आहे, पण वय आहे. अश्वजितनं 'वय आहे' तेवढंच ऐकलं. आता खाली बागेत जायचं तं चौकीदार वर फोन करते. खिशात पोरानं त्याच्या नंबरची चिठ्ठी ठेवून दिली आहे. हरवलेल्या लेकराच्या ठेवतात तशी.

मी चाळीस वर्स खांबावर चढलो. कोणती तार जिती अन् कोणती मेली हे डोक्यात ठेवून चढलो. एकदाही विसरलो असतो तं हे पत्र लिहाले उरलो नसतो.

मले घरी यायचं आहे. पोराचं मन तुह्या भाषणानं पक्कं केलं. आन काहीतरी तू फोनवरही बोलला, कारण तो म्हणते, उत्तमकाकाही सांगत होते. काय सांगत होता तू?

माफीची पत्रं पाठवू नको. आधी डाव मांड.

कचरू


साखरखेर्डा
४ मे २०२५

कचरू,

डाव मांडला.

दोघांच्या चालींची नोंदपत्रं माझ्याकडेच होती, जपून ठेवली होती, आणि गेल्या तीन महिन्यांत एकदाही उघडून पाहिली नव्हती. तुझ्यावर एवढं बोललो, लिहिलं, पण तो डाव पुन्हा पटावर लावून पाहायची मला गरज वाटली नाही. काल दुपारी ओसरीवर लावला. प्यादं शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी आलं तिथे थांबलो. मग वजीर ठेवून पाहिला, आणि माझा हत्ती उचलून तुझ्या शेवटच्या ओळीत ठेवला.

मात होती. मधे घालायला काही नाही, पळायला घर नाही. दहा वेळा पाहिलं. माझ्याच हातातली मात मला त्या दिवशी दिसली नव्हती, कारण मी फक्त तुझ्या प्याद्याकडे बघत बसलो होतो.

मग घोडा ठेवला. माझा राजा मागे सरकेल आणि पुढच्या चालीत घोड्याला खाईल, एवढंच मला हॉलमध्ये वाटलं होतं. पण मागची घरं तुझा उंट आणि दुसरं प्यादं राखून बसलेले. राजाला पुढेच यावं लागतं. तुला एक चाल मिळते, खिडकी उघडते, आणि तिथून पुढे सगळा डाव तुझा. घड्याळ पडलं तेव्हाही तुझाच होता. एवढं सगळं तू चार मिनिटांत मोजलंस, आणि मी समोर बसून तुझ्या चेहऱ्यावर बालपण वाचत होतो.

सरस्वतीला दाखवलं. तिला सोंगट्यांतलं काही कळत नाही, पण हत्ती खाली उतरताना पाहून म्हणाली, "म्हंजे भाऊजी हुशार निघाले अन् तुम्ही त्याइले येडं ठरवलं." भांडी घासायला निघून गेली.

आता तू विचारलेलं. फोनवर काय सांगितलं.

अश्वजितने विचारलं, "काका, बाबा हल्ली विसरतात का हो?" नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याचा आवाज हळवा झाला होता आणि मला सांगायला आवडतं हे तुला ठाऊक आहे. मी सांगितलं, परवा छत्री मंडळात विसरून गेला. मी सांगितलं, समताला एकदा तिच्या गेलेल्या आजीच्या, महामायावहिनींच्या नावाने हाक मारली. सांगितलं, बोलता बोलता मधेच हरवतो. त्याला धीर द्यायचा म्हणून वर जोडलं की म्हातारपण हे असंच गोड असतं. त्याने फोन ठेवला. मी समजलो, त्याला पटलं.

हे मी पहिल्या पत्रात 'इकडचं तिकडचं' म्हणून लिहिलं. मला तेव्हाच ठाऊक होतं की ते इकडचं तिकडचं नव्हतं.

का केलं, तेही लिहितो, कारण नंतर धीर होणार नाही. मी घड्याळाने जिंकलो होतो. पटावर हरत होतो. त्या ढालीला मला एक गोष्ट हवी होती, म्हणजे मग कोण चांगलं खेळलं हे कुणी विचारणार नाही. ती गोष्ट मी तुझ्या जिवावर रचली. दुसऱ्या पत्रातल्या कबुलीतही मी तुझा हात बिघडवणारा मोठा माणूस झालो, तू पुन्हा बिघडलेलाच राहिलास.

आज मंडळात सगळ्यांसमोर पट लावला. उकंडरावांना म्हटलं, इथे तुम्ही काय ठेवाल? त्यांनी वजीर ठेवला. मी हत्ती खाली उतरवला. मग उकंडराव म्हणाले, "मंग मास्तर, माइकवर काय बोलून राह्यले होते तुम्ही?" मी सांगितलं, चुकीचं बोललो. ते म्हणाले, "चुकीचं तं चुकीचं, पण टाळ्या लई घेतल्या."

तिथूनच अश्वजितला फोन केला. सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही मोठ्या मनाचे आहात. बाबांना बरं वाटावं म्हणून म्हणताय ना?" कचरू, मला आता कळलं 'हो बाबा' कसं लागतं ते.

माझ्या बोलण्यावर त्याने विश्वास ठेवावा असं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. त्याला उद्या वेगळं पत्र लिहितो. त्यात एकही कविता नसेल.

उत्तम


साखरखेर्डा
५ मे २०२५

चि. अश्वजित,

आशीर्वाद.

काल फोनवर तुला वाटलं की मी तुझ्या बाबांची समजूत काढतोय. तसं नाही. समजूत काढत होतो ती आधीच्या फोनवर, आणि तेव्हा मी खोटं बोललो होतो.

छत्री मंडळात राहिली, कारण येताना अवकाळी पाऊस होता आणि निघताना ऊन पडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः येऊन नेली. माझ्या दोन छत्र्या त्या खोलीत वर्षभर पडून आहेत. समताला महामायावहिनींच्या नावाने हाक मारली ती त्यांच्या पुण्यतिथीच्या दिवशी, सकाळपासून घरात त्यांचंच नाव चालू असताना. मीही माझ्या लेकीला बहिणीच्या नावाने हाक मारतो. आणि बोलता बोलता हरवतो, असं मी म्हणालो. तो हरवत नाही. मी कविता म्हणायला लागलो की ऐकायचं बंद करतो. पन्नास वर्षांपासून करतो.

आता डावाचं. सोबत कागदावर पट काढून पाठवतो आहे, कुठली सोंगटी कुठे ते लिहिलं आहे. तू लहानपणी आमच्यात बसून खेळायचास, चाली तुला येतात. मोबाईलमध्ये घालून पाहिलंस तरी चालेल, पण आधी खरा पट मांड. बाबांसमोर मांड. पांढरे, म्हणजे त्या दिवशीचे त्याचे, तू घे. तुझं प्यादं शेवटच्या घरात ने आणि तिथे वजीर ठेव, जसा मी ठेवला असता, जसा उकंडरावांनी ठेवला. मग माझे काळे बाबांना खेळू दे.

एकच चाल लागेल. ती पाहून झाल्यावर त्याला हो बाबा म्हणू नकोस. काहीच म्हणू नकोस. थोडा वेळ पट बघ. मग त्याला विचार, त्याला कुठे राहायचं आहे. मला विचारू नकोस. मी त्याच्याबद्दल फार बोललो आहे.

एकट्या माणसाची काळजी तुला आहे, ती खोटी नाही. इथे त्याचा शेजार आहे, विहार आहे, मंडळाची खोली आहे. सकाळ-संध्याकाळ मी त्या रस्त्याने जातोच. काही कमी-जास्त झालं तर जे असेल तेवढंच तुला कळवीन. त्यात भर घालणार नाही.

तुझा,
उत्तमकाका


पुणे
१८ मे २०२५

मास्तर,

जयभीम.

पोरानं पट मांडला. रविवारी सकाळी, नाष्ट्याच्या टेबलावर, ताटल्या बाजूले सारून. तुह्या कागदावरून एकेक सोंगटी लावली, समता तपासून राह्यली होती. मंग त्यानं प्यादं नेलं अन् वजीर ठेवला. ठेवताना माह्याकडं पाहून जरा हसला, म्हणजे बाबाले बरं वाटावं असं.

मी हत्ती खाली उतरवला.

तो पाहून राह्यला. मधे काही घालता येते का पाह्यलं. राजा पळते का पाह्यलं. समता म्हणे, पप्पा, मात आहे. तो म्हणे, थांब. मंग वजीर काढला अन् सोताच्या हातानं घोडा ठेवला. मी राजा पुढं घेतला. त्यानं खिडकी केली. कोणी सांगतलं नाही त्याले, त्यानंच केली. मंग दोन्ही हात तोंडावर घेऊन बसला.

विचारलं त्यानं. मी म्हटलं, घरी. म्हणे, कधी. म्हटलं, पोराइच्या सुट्या आहेत तोवर तूच सोड, बसनं कमर दुखते. पुढच्या शनिवारी येऊन राह्यलो. दर महिन्याले तो येऊन जाईन अन् मी रोज संध्याकाळी फोन करीन, असं ठरलं आहे. खिशातली चिठ्ठी त्यानं काढली नाही, मी काढली. त्यानं पाह्यलं.

वहिनीले सांग, चहा घेईन. तुह्यावरचा राग अजून आहे, तो तुह्या ओसरीवर बसून उतरते का पाहू. न उतरला तं चहा पिऊन घरी जाईन.

ढाल मले नको. ती घड्याळानं तुले देली, तुह्याजवळच राहू दे. अन् माह्या फाटकाशी कोणाले घेऊन उभा राहू नको, हारबीर नको.

रविवारी मंडळात सगळ्याइले बोलावून ठेव. त्या दिवसाचा डाव मी सांगणार आहे, पहिल्या चालीपासून, जसा मी खेळलो तसा. तू पुढं बसजो. मी सांगत असताना मधी बोलू नको.

कचरू